शेजारच्या मादामचं लिहिण्याचं मेज: कुणी बनवलं असेल?

मेजवाली_तूर

मंडळी, जुन्या फ्रेंच फर्निचरमधलं कुणाला कळतं का इथे?

आम्ही सहा वर्षं फ्रान्समध्ये, तूरला राहतोय. आमच्या समोरच्या दारातल्या मादाम ८९ वर्षांच्या. गेल्या महिन्यात त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. घर रिकामं करताना त्यांच्या मुलाने मला जिन्यात गाठलं आणि म्हणाला, आईची इच्छा आहे की तिचं मेज तुमच्याकडे जावं. फुकट घ्यायला जीव धजेना, म्हणून मी ४०० युरो दिले. तो नको नको म्हणत होता, पण घेतले.

मेज अगदी छोटं आहे, बायकांनी चिठ्ठीचपाटी लिहायचं. रुंदी ७४ सेंटीमीटर, उंची ९६. पाय हरणाच्या मागच्या पायांसारखे वळणदार, कोपऱ्यांवर सोनेरी पितळी पानं. समोर तिरकं झाकण आहे. ते पुढे पाडलं की त्याच्यावरच लिहायचं, वर हिरवं चामडं लावलंय. आत सहा इवलेसे खण. झाकणाच्या बाहेरच्या अंगाला फुलांचा गुच्छ आहे, तो रंगवलेला नाही, निरनिराळी लाकडं कापून बसवलेला आहे.

मादाम त्याला 'बोनर-द्यु-जूर' म्हणायच्या आणि 'लुई कँझ', म्हणजे पंधराव्या लुईचं, असं ठासून सांगायच्या. त्यांच्या आजीकडून आलंय. मी खाली आडवी होऊन टॉर्च मारून पाहिलं, पण कारागिराचा ठसा कुठेच दिसला नाही. आणि झाकणाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात वरचा पातळ थर सुटलाय, नखाने वाजवलं की पोकळ वाजतो. गुच्छातलं एक पानही गायब आहे.

विकायचं बिलकूल नाही. पण दर रविवारी मी मादामना भेटायला जाते, तेव्हा पहिला प्रश्न असतो, "माझं मेज काय म्हणतंय?" एकदा तरी त्यांना काही सांगता यावं, एवढंच. कुणी बनवलं, केव्हा, आणि त्या कोपऱ्याचं काय करू?

---

रविवारचा_बाजार

४०० युरो?? ताई, लॉटरी लागली तुम्हाला! ठसा नाही म्हणजे उलट चांगली गोष्ट आहे. राजाच्या पदरी असलेल्या कारागिरांना ठसा मारायची सक्ती नव्हती, मी वाचलंय. सरळ पॅरिसला द्रुओच्या लिलावात न्या. 'विकायचं नाही' हे आकडा ऐकल्यावर बोला 🙂

---

निलांबरी_के

मला इतिहासातलं काही कळत नाही, पण आमच्याकडे जुनं कपाट आहे, त्यावर मी सिलिकॉनचा चकाकीचा स्प्रे मारते. नव्यासारखं दिसतं. सुटलेल्या कोपऱ्याला फेव्हिकॉलसारखा कुठलाही पांढरा गोंद आणि वर जाड पुस्तकांचा गठ्ठा. काम झालं.

---

सरस_आणि_पटाशी

निलांबरीताई, रागावू नका, पण तुमचा प्रतिसाद वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. मेजवाली ताई, यातलं काहीही करू नका. का ते पुढे सांगतो.

मी पॅरिसमध्ये फोबूर सेंत-आंत्वानच्या एका आतल्या चौकात फर्निचर दुरुस्तीच्या कारखान्यात नऊ वर्षं काम करतो. पहिले आठ महिने मला फक्त सरस तापवायला आणि फरशी झाडायला ठेवलं होतं, त्यामुळे सरसाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. बाकीचं हळूहळू शिकलो.

आधी नाव. तुमचं मेज बोनर-द्यु-जूर नाही. शब्दशः अर्थ 'दिवसाचं सुख'. ते साधारण १७६०च्या सुमाराला पॅरिसमध्ये आलं. त्यात लिहायच्या फळीच्या मागच्या बाजूला एक छोटं कपाट उभं असतं, दारांचं आणि खणांचं. मार्तां कार्लां नावाच्या कारागिराची सेव्रच्या चिनीमातीच्या चकत्या जडवलेली बोनर-द्यु-जूर फार नावाजलेली आहेत. तुमच्यासारख्या तिरक्या झाकणाच्या मेजाला 'ब्युरो द पांत' म्हणतात, म्हणजे उताराचं मेज. त्याचं दुसरं नाव 'दो-दान', गाढवाची पाठ! बायकांच्या नाजूक मेजाला हे नाव कुणी दिलं असेल देव जाणे. घरोघर ही नावं सरमिसळ होतात, मादामचा दोष नाही.

आता ठसा. अठराव्या शतकात पॅरिसच्या सुतारांच्या संघात दोन जाती होत्या. भरीव लाकडाचं काम, खुर्च्या-पलंग करणारे ते मनुइझिए, आणि लाकडावर दुसऱ्या किमती लाकडाचा पातळ थर चढवून नक्षी करणारे ते एबेनिस्त. एबेन म्हणजे आबनूस. संघाने १७४३ साली नियम केला की प्रत्येक मास्टरने आपल्या कामावर नावाचा ठसा मारायचा, आणि १७५१पासून तो नीट अमलात आला. सोबत संघाच्या तपासनिसांचा 'जे एम ई' हा शिक्का. १७९१ साली क्रांतीने संघच मोडीत काढले आणि सक्ती संपली. रविवारच्या बाजारकरांचं अर्धं बरोबर आहे, राजाच्या कारागिरांना सूट होती. पण १७९१नंतर तर सगळ्यांनाच सूट होती! एकोणिसाव्या शतकातली लाखो मेजं बिनठशाची आहेत. त्यावरून राजापर्यंत पोचायचं म्हणजे फार मोठी उडी.

आणि ठसा असता तरी मी आधी खण उपसून पाहिला असता. ठसा म्हणजे लोखंडाचा एक तुकडा आणि हातोडीचा एक घाव, तो कुणालाही मारता येतो. २०१६ साली तर व्हर्सायच्या राजवाड्यानेच अठराव्या शतकातल्या म्हणून विकत घेतलेल्या काही खुर्च्या आजच्या काळातल्या हातांनी घडवलेल्या निघाल्या. तिथले तज्ज्ञ फसतात, तर तुम्ही-आम्ही कोण?

उलटही घडतं. 'बी व्ही आर बी' एवढीच अक्षरं असलेली अप्रतिम मेजं संग्रहालयांत होती, आणि ती अक्षरं बर्नार्ड व्हान रिझनबुर्गची आहेत हे १९५७ साली कळलं. दोनशे वर्षं माणूस बेपत्ता, काम मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

तर ताई, ठसा विसरा आणि एवढं करा.

सगळ्यात मोठा खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. तळाचं लाकूड कुठलं? कोपऱ्यांतल्या डव्हटेलचे, म्हणजे एकात एक अडकवलेल्या सांध्याचे, दात मोजा. मोजके, थोडे वाकडेतिकडे, एकासारखा दुसरा नाही असे आहेत, की बारीक आणि एका मापाचे? तळावर करवतीच्या खुणा सरळ आहेत की अर्धवर्तुळाकार? अर्धवर्तुळ म्हणजे गोल पात्याची यांत्रिक करवत.

मग सुटलेल्या कोपऱ्यात बाजूने डोकावून वरच्या थराची जाडी बघा. बोटाने उचकटू नका, नुसतं बघा. जुन्या काळी दोन माणसं हातकरवतीने हा थर चिरायची, तो दीड-दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड निघायचा आणि सगळीकडे सारखाही नसायचा. यंत्रं आल्यावर तो पातळ होत गेला.

कुलपाचा एखादा स्क्रू सहज फिरत असेल तर काढून त्याचं टोक बघा. बोथट असेल तर जुना, टोकदार असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. हट्ट करत असेल तर सोडून द्या. पितळी पानांना मात्र हात लावू नका. आणि कुलपाची पट्टी ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याने पुसून तिच्यावर काही कोरलंय का बघा. लोक ठसा शोधायला जमिनीवर लोळतात आणि कुलूप वाचायचं राहून जातं.

कोपऱ्याचं: मेज मादामकडे रेडिएटरजवळ होतं का? मला खात्री आहे, होतंच. हिवाळाभर कोरडी गरम हवा लागली की खालचं ओकचं लाकूड आकसतं, वरचा थर आकसत नाही, मग सरस सोडून तो उठतो. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा, हाडांचा गोंद. त्याची गंमत ही की थोडी ऊब आणि ओल दिली की तो परत मऊ होतो. दीडशे वर्षांनीही होतो. त्यामुळे त्याने केलेलं प्रत्येक काम परत उलगडता येतं. पांढरा गोंद एकदा आत गेला की जागा खराब झाली, त्यावर सरस धरत नाही आणि तो खरवडताना लाकूडही जातं. सिलिकॉनचं तेच, एकदा मुरलं की नंतर त्यावर पॉलिश बसत नाही, थेंब थेंब होऊन पळतं. माझ्या वर्षातले दोन महिने लोकांचा पांढरा गोंद काढण्यात जातात.

---

लिलावपीडित

सरसदादांनी 'केव्हा'चं उत्तर शोधायची रीत सांगितली. मी त्याच प्रश्नावर २,८०० युरो घालवलेला माणूस आहे, म्हणून दोन ओळी.

एका लिलावात मी 'लुई सेझ मेज' घेतलं. घरी आणून महिनाभर मिरवलं. मग एका जाणकार मित्राने पावती मागितली आणि हसायला लागला. पावतीवर लिहिलं होतं 'द स्तील लुई सेझ'. म्हणजे सोळाव्या लुईच्या *शैलीचं*. 'एपोक लुई सेझ' असतं तर त्याच्या *काळातलं*. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१चा एक सरकारी हुकूमच आहे, त्याला मार्क्युस हुकूम म्हणतात. विकणाऱ्याने 'एपोक' किंवा शतक लिहिलं तर तो त्या काळाची हमी देतो. 'स्तील' लिहिलं तर कसलीच हमी नाही, मेज कालचं असलं तरी चालतं. त्या लिलाववाल्यांनी मला फसवलं नव्हतं, मीच एक शब्द वाचला नव्हता. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

मादाम 'लुई कँझ' एवढंच म्हणतात, पुढे-मागे काही नाही. तिथेच सगळी मेख आहे.

---

मेजवाली_तूर

बापरे, किती लिहिलंत! मनापासून आभार. काल रात्री नवरा टॉर्च धरून आणि मी पट्टी घेऊन बसलो होतो. एक वाजला.

खण: तळ फिकट ओकचा वाटतो. कोपऱ्यांतले दात अगदी बारीक, एका मापाचे, यंत्राने केल्यासारखे. तळावर खुणा दिसल्याच नाहीत, गुळगुळीत आहे. थर: पट्टीने नीट मोजता येत नाही, पण जेमतेम एक मिलिमीटर. स्क्रू एक निघाला, टोकदार आहे. म्हणजे पंधरावा लुई गेला ना? खरं सांगू, थोडं वाईट वाटलं.

पण दादा, कुलूप!! झाकण पाडल्यावर कडेला पट्टी दिसते, तिच्यावर काळं साचलं होतं. पुसलं तर बारीक कोरीव अक्षरं: 'पी. सोर्मानी, १० र्यू शार्लो, पॅरिस'. मी किंचाळले, नवऱ्याच्या हातातून टॉर्च पडला.

कोण हे सोर्मानी? कुलूपवाले का?

---

सरस_आणि_पटाशी

कुलूपवाले नव्हेत ताई. मेजवाले! पोल सोर्मानी. मी कामावर हे वाचलं आणि मोठ्याने ओरडलो, मालकांनी विचारलं काय झालं.

सोर्मानी मूळचा इटलीतला, लोम्बार्दीतल्या कान्झो गावचा, जन्म १८१७. पॅरिसला येऊन आधी तो प्रवासाच्या शृंगारपेट्या आणि छोटं शोभेचं फर्निचर करायचा. मग पंधराव्या-सोळाव्या लुईच्या धाटणीच्या कामात त्याने असं नाव काढलं की १८५५ आणि १८६७ या पॅरिसच्या दोन्ही जागतिक प्रदर्शनांत त्याचं काम होतं. सही करायची त्याची आवडती जागा म्हणजे कुलपाची पट्टी.

आणि पत्त्याने तुमचं काम फार सोपं केलंय. तो आधी र्यू द्यु तांप्लला होता, र्यू शार्लोला आला १८६७ साली. १८७७ला वारला. पुढे बायको आणि मुलाने कारखाना चालवला, तेव्हा नावाआधी विधवा या अर्थी 'व्हव्ह' आणि शेवटी 'ए फीस', म्हणजे 'आणि मुलगा', असं येऊ लागलं. तुमच्या पट्टीवर नुसता 'पी.' आहे. म्हणजे १८६७ ते १८७७ किंवा त्याच्या जरा पुढे, कारण कोरून ठेवलेली कुलपं मालक गेला म्हणून कुणी भट्टीत टाकत नाही.

एक शंका उरते. कुलूप दुसऱ्या मेजाचं काढून इथे बसवलं असेल तर? पट्टीभोवती जास्तीची बुजवलेली भोकं किंवा लाकडाची ठिगळं आहेत का बघा. नसतील आणि पट्टी खाचेत चपखल असेल तर मी तरी निश्चिंत होईन. तुमचे बारीक दात, ओक, एक मिलिमीटरचा थर, टोकदार स्क्रू, सगळं त्याच दशकाकडे बोट दाखवतंय.

वाईट वाटलं म्हणालात, त्यावर जरा भांडतो. सोर्मानीने फसवायला जुनं काही बनवलं नव्हतं, त्यावर स्वतःचं नाव आणि पत्ता कोरला! तो काळच तसा होता. तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी, तिला सोळाव्या लुईच्या राणीचं, मारी आंत्वानेतचं, इतकं वेड की १८६७ साली तिने व्हर्सायच्या पेती त्रियानों या छोट्या महालात मारी आंत्वानेतच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. राणीला आवडतं म्हटल्यावर पॅरिसच्या प्रत्येक बऱ्या घरातल्या बाईला तसं मेज हवं झालं. आणि मूळचं कुठून आणणार? क्रांतीत व्हर्सायचं सामान १७९३-९४मध्ये वर्षभर लिलावात गेलं होतं. मारी आंत्वानेतचा लाडका कारागीर रीझनेर, त्याने त्या विक्रीत स्वतःचीच कामं परत विकत घेतली, आणि मग ती कुणी घेईना. (हे आठवलं की मला दर वेळी गलबलून येतं. आपलंच कपाट खांद्यावर घेऊन घरी परत.)

रीझनेरही बाहेरचाच, जर्मन. त्याचा उस्ताद ओएबेनही जर्मन. ओएबेन १७६३ला गेला, तेव्हा राजाचं मोठं मेज अर्धवट राहिलं होतं. रीझनेरने १७६७ला उस्तादाच्या विधवेशी लग्न केलं, कारखाना सांभाळला आणि १७६९ला ते मेज पुरं करून व्हर्सायला पोचवलं. वर ज्या कार्लांचं नाव घेतलं, तोही जर्मन, आणि त्याची बायको ओएबेनची बहीण. पॅरिसचं 'अस्सल फ्रेंच' फर्निचर म्हणजे अर्धं असं सोयरिकीचं प्रकरण आहे. सोर्मानी इटलीहून आला यात नवल नाही. आमच्या कारखान्यात आज एक पोर्तुगीज, एक पोलिश आणि मी आहे. फ्रेंच फक्त मालक.

बाजारकर किंमत विचारणार, म्हणून आधीच सांगतो, मी आकडा टाकत नाही. फोटोवरून तर नाहीच. विम्यासाठी हवा असेल तर तूरमध्येच एखाद्या कोमिसेर-प्रिझरला, म्हणजे लिलाव करणाऱ्या आणि किंमत ठरवणाऱ्या जाणकाराला, दाखवा, बरेच जण प्राथमिक अंदाज फुकट देतात.

जाता जाता: अशा मेजांत आतल्या खणांच्या पुढ्यात जी सपाट फळी असते, ती कधी कधी सरकते. खाली एक खोलगट चोरकप्पा असतो. बोटं सपाट ठेवून स्वतःकडे हलकेच ओढून बघा. जोर लावू नका.

---

रविवारचा_बाजार

बरं बाबा, हरलो. पण चोरकप्प्यात काय निघालं ते सांगितल्याशिवाय हा धागा बंद करू नका.

---

मेजवाली_तूर

सरकली!!! दादा, फळी सरकली. पहिल्या वेळी नाही, आधी मी उलट्या बाजूला ढकलत होते. कुलपाभोवती एकही जास्तीचं भोक नाही, तेही पाहिलं.

कप्प्यात सोनंनाणं नव्हतं. दोन गंजलेल्या निबा, एक लाल लाखेची कांडी, आणि एक छोटं पाकीट. पाकिटावर पेन्सिलीने, जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलंय: 'गुच्छाचं पान. टाकू नये. १९५१.' आत लाकडाचे तीन बारीक तुकडे. एक पानाच्या आकाराचा, अजून हिरवट. मेजावरची पानं तर आता पार तपकिरी झालीत.

आज रविवार, म्हणून पाकीट घेऊन मादामकडे गेले. सगळं सांगितलं, सोर्मानी, र्यू शार्लो, कुलूप. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "कुलूप? ते आम्ही कधी लावलंच नाही. किल्ली अडकते." मग पाकीट हातात दिलं. अक्षर आईचं, म्हणाल्या. बराच वेळ तुकडे तळहातावर घेऊन बसल्या आणि मग हसायलाच लागल्या.

तो कोपरा रेडिएटरने नाही सुटलेला दादा. पंधरा वर्षांच्या असताना त्यांनी स्वतः लोणी लावायच्या सुरीने उचकटला होता. आजी सांगायची की मेजात एक चोरकप्पा आहे, म्हणून. चुकीच्या जागी शोधत होत्या. आईने मार दिला, तुकडे गोळा करून ठेवले, आणि कुठे ठेवले ते कधीच सांगितलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षं मादाम त्याच मेजावर पत्रं लिहीत होत्या, तुकड्यांपासून वीतभर अंतरावर.

---

सरस_आणि_पटाशी

रेडिएटरबद्दल मी 'खात्री आहे' म्हणालो होतो. ते खोडा.

तुकडे त्याच पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि उन्हापासून लांब. ते पान हिरवं आहे कारण रंगवलेलं लाकूड इतकी वर्षं अंधारात होतं. बसवताना कुणी त्याला तपकिरी करून बाकीच्यांशी जुळवू म्हटलं तर नाही म्हणा. किंवा निदान आधी मादामना विचारा.

सुरीची खूण असेल तर थराची कड दबलेली असणार. झाकणाचा जवळून, बाजूने उजेड टाकून एक फोटो पाठवा. जूनमध्ये मी लोआरच्या बाजूला येणार आहे, सरसाचं भांडं गाडीत टाकेन.